डेटाबेसच्या आकृतीतले बाण एकमेकांना जोडले तर

काही वर्षं डेटाबेस डिझाइनचं काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: कॅटेगरी थिअरीच्या (बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांच्या गणिताच्या) आकृत्या डेटाबेससाठी चित्रभाषा म्हणून वापरतात असं ऐकलं. ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती) तर आम्ही काढतोच. मग यात वेगळं काय, आणि त्यासाठी गणित किती शिकावं लागतं?

वेगळं आहे ते एवढंच. ईआर डायग्राममध्ये दोन बाण एकापुढे एक जोडून तिसरा बाण मिळवायची सोय नसते, आणि दोन वाटांनी गेलं तरी उत्तर एकच येतं का, हे लिहायलाही जागा नसते. कॅटेगरीच्या आकृतीत या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून आहेत. फंक्टर, पुलबॅक वगैरे जड नावं पुढे येतात खरी, पण ती सगळी याच दोन गोष्टींतून निघतात. गणिताच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

उदाहरणासाठी परीक्षा विभागाचा डेटाबेस घेऊ. कॉलेज किंवा विद्यापीठाचं सॉफ्टवेअर ज्याने कधी हाताळलंय त्याला हा ओळखीचा असेल. चार टेबलं: परीक्षानोंद (एका विद्यार्थ्याने एका सत्रात एका विषयाचा भरलेला फॉर्म), विद्यार्थी, विषय आणि पॅटर्न. परीक्षानोंदीतून दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) निघतात, एक विद्यार्थ्याकडे, एक विषयाकडे. विद्यार्थ्याकडून एक बाण पॅटर्नकडे जातो आणि विषयाकडूनही एक. पॅटर्न म्हणजे अभ्यासक्रमाची आवृत्ती. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमध्ये २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न असं म्हणतात, तेच.

हे कागदावर काढलं की एक चौकोन होतो. टेबल म्हणजे बिंदू, फॉरेन की म्हणजे बाण. बाणाचा अर्थ पक्का आहे: सुरुवातीच्या टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी पुढच्या टेबलात नेमकी एक ओळ. शून्य नाही, दोन नाहीत. म्हणजे बाण हे फंक्शन आहे, आणि फंक्शनं एकापुढे एक लावता येतात. परीक्षानोंदीकडून विषयाकडे आणि तिथून पॅटर्नकडे गेलं की परीक्षानोंदीकडून थेट पॅटर्नकडे जाणारा एक नवा बाण मिळतो. तो कुठल्याही टेबलात कॉलम म्हणून नसतो, पण असतो.

आता खरा प्रश्न. वरच्या वाटेने गेलो तर विद्यार्थ्याचा पॅटर्न मिळतो, खालच्या वाटेने विषयाचा. हे दोन्ही नेहमी एकच असतात का? ईआर डायग्राम यावर गप्प बसतो. तो चौकोन काढतो आणि मोकळा होतो. कॅटेगरीच्या आकृतीत तुम्हाला चौकोनाच्या मध्यभागी काहीतरी लिहावंच लागतं: बरोबरीचं चिन्ह काढलं तर चौकोन कम्यूट होतो, म्हणजे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं; काट मारली तर होत नाही. मध्यभाग कोरा ठेवलेली आकृती मी रिव्ह्यूला घेत नाही.

हा प्रश्न प्रोग्रामरला विचारून उपयोग नसतो, परीक्षा विभागातल्या क्लार्कला विचारावा लागतो. म्हणून बाणांना अशी नावं द्यावीत की वाट वाचली की वाक्य व्हावं. डेव्हिड स्पिव्हाक आणि रॉबर्ट केंट या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘ओलॉग’ नावाची पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे. आपल्याकडे षष्ठीची साखळी छान चालते: ‘परीक्षानोंदीच्या विषयाचा पॅटर्न’. मग समीकरण असं वाचता येतं: परीक्षानोंदीच्या विद्यार्थ्याचा पॅटर्न आणि त्याच परीक्षानोंदीच्या विषयाचा पॅटर्न एकच असतो. क्लार्कबाई लगेच सांगतील, ‘अहो, बॅकवाल्यांचं काय?’

आणि त्यांचं बरोबर असतं. मागे राहिलेला विद्यार्थी जुन्या पॅटर्नचे दोन पेपर आणि नव्या पॅटर्नचे चार पेपर एकाच सत्रात देतो. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा बंद झाल्या की त्याला नव्या पॅटर्नचा समकक्ष विषय घ्यावा लागतो. म्हणजे चौकोन कम्यूट होत नाही. इथे बरेच जण ट्रिगरमध्ये (डेटा बदलताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ‘केटी असेल तर सोडून दे’ अशी अट टाकतात आणि पुढे जातात. आकृतीकडे थोडं जास्त वेळ पाहिलं तर दुसरी गोष्ट दिसते: विद्यार्थ्याकडून पॅटर्नकडे जाणारा बाणच मुळात खोटा आहे. विद्यार्थ्याला पॅटर्न नसतो. त्याच्या त्या-त्या वर्षाच्या प्रवेशाला पॅटर्न असतो. एक टेबल राहून गेलंय, वर्षनोंदणीचं. परीक्षानोंदीकडून वर्षनोंदणीकडे, वर्षनोंदणीकडून पॅटर्नकडे आणि वर्षनोंदणीकडूनच विद्यार्थ्याकडे बाण काढा. बॅकचा पेपर ज्या वर्षनोंदणीत घेतला होता तिच्याकडे बोट दाखवतो. नवा चौकोन कम्यूट होतो, अपवादाची अट लागत नाही.

या चित्रभाषेचं एवढं एकच काम असतं तरी मी ती वापरली असती. कम्यूट न होणारा चौकोन बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सांगतो: एकतर टेबल राहून गेलंय, किंवा दोन वाटा खरोखरच वेगळ्या आहेत. दुसऱ्याचं उदाहरणही इथेच आहे. विषयाचा विभाग आणि विद्यार्थ्याचा विभाग एकच असायला हवा, असं एकेकाळी बऱ्याच सिस्टिममध्ये गृहीत धरलेलं होतं. ओपन इलेक्टिव्ह आले आणि मेकॅनिकलचा विद्यार्थी अर्थशास्त्राचा पेपर घेऊ लागला. तिथे मी चौकोनात ठसठशीत काट मारतो. पुढे कोणी नवा माणूस ‘ही व्हॅलिडेशन राहिली वाटतं’ म्हणून सद्भावनेने ती टाकू नये यासाठी.

अशा किती जागा तपासायच्या? स्कीमा (टेबलं आणि बाण यांची पूर्ण मांडणी) सलग जोडलेला असेल तर फॉरेन कींच्या संख्येतून टेबलांची संख्या वजा करा आणि एक मिळवा. ४० टेबलं आणि ५५ फॉरेन की असतील तर १६ स्वतंत्र फेरे (बाणांची दिशा न बघता बंद होणाऱ्या वाटा) निघतात. प्रत्येक फेऱ्यात समांतर वाटा असतीलच असं नाही. दोन टेबलं दोन सामायिक मास्टर टेबलांकडे बोट दाखवत असतील तर फेरा होतो पण तुलना करायला काही नसतं. आणि कर्मचाऱ्याचा वरिष्ठ हाही कर्मचारीच, अशा स्वतःकडे परतणाऱ्या बाणांची समीकरणं वेगळीच लिहावी लागतात. तरी हजेरीची यादी म्हणून हा आकडा उपयोगी आहे. मोजण्याआधी ‘कोणी तयार केलं’, ‘कोणी बदललं’ असे युजर टेबलाकडे जाणारे बाण काढून टाका. प्रत्येक टेबलातून ते निघतात, फेऱ्यांची संख्या फुगवतात आणि त्यातून अर्थाचं काहीच हाती लागत नाही. आकृतीतही ते काढू नयेत.

आणखी एक जागा नेहमी सापडते: त्रिकोण. रिपोर्ट लवकर यावा म्हणून कोणीतरी परीक्षानोंदीत थेट विद्यार्थ्याचा कॉलम ठेवलेला असतो, वर्षनोंदणीतून न जाता. डीनॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच. त्याला माझा विरोध नाही. फक्त आकृतीत तो आडवा बाण काढला की त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोणात बरोबरीचं चिन्ह आलं की त्या बरोबरीची जबाबदारी कुणाची हेही ठरवावं लागतं.

चिन्ह काढून डेटाबेस ऐकत नाही, हे ओघानेच आलं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२ च्या मानकात, एसक्यूएल-९२ मध्ये, अनेक टेबलांवरची अट लिहायला ‘असर्शन’ होतं, पण लोकप्रिय डेटाबेसांनी ते दशकानुदशकं बाजूला ठेवलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंटच्या (टेबलावर लावलेल्या अटीच्या) आत सबक्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला आणखी एक प्रश्न, चालत नाही. चौकोनासाठी मात्र ट्रिगरशिवायचा एक जुना उपाय आहे. परीक्षानोंदीत पॅटर्नचा कॉलम मुद्दाम ठेवायचा आणि दोन संयुक्त फॉरेन की लावायच्या: वर्षनोंदणी आणि पॅटर्न मिळून एक, विषय आणि पॅटर्न मिळून दुसरी. दोन्हीकडे पॅटर्नचा कॉलम तोच असल्यामुळे दोन वाटा वेगळं उत्तर देऊच शकत नाहीत. त्यासाठी पलीकडच्या दोन टेबलांत त्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ नये अशी अट) लागतं. आयडी एकटाच युनिक असताना हे विचित्र वाटतं, पण लागतं. आकृतीच्या भाषेत तुम्ही चौकोनाचा कर्ण काढलात आणि एका चौकोनाचे दोन त्रिकोण केलेत.

थोडा इतिहास. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी कॅटेगरी, फंक्टर या कल्पना १९४५ च्या शोधनिबंधात मांडल्या, त्या टोपॉलॉजीच्या (आकारांच्या गणिताच्या) गरजेतून. एडगर कॉड यांचं रिलेशनल मॉडेल १९७० चं, पीटर चेन यांचा ईआर १९७६ चा. ईआर जन्मला तेव्हा बाण जोडण्याची भाषा तीस वर्षं जुनी होती, पण दोन्ही घराण्यांचं येणंजाणं नव्हतं. मधला दुवा म्हणजे फ्रेंच गणिती शार्ल एरेसमान यांची ‘स्केच’ ही कल्पना. मायकेल जॉन्सन आणि रॉबर्ट रोझब्रू यांनी ती डेटा मॉडेलिंगला लावली. २०१० नंतर स्पिव्हाक यांनी मांडणी सोपी केली: स्कीमा म्हणजे कॅटेगरी, आणि त्यातला डेटा म्हणजे फंक्टर. रायन विस्नेस्की यांच्यासोबत त्यातूनच सीक्यूएल (कॅटेगॉरिकल क्वेरी लँग्वेज) ही भाषा उभी राहिली.

‘डेटा म्हणजे फंक्टर’ हे ऐकायला भारदस्त आहे. अर्थ एवढाच की प्रत्येक बिंदूला ओळींचा एक संच द्यायचा, प्रत्येक बाणाला एक फंक्शन द्यायचं, आणि आकृतीतल्या बरोबऱ्या मोडायच्या नाहीत. हे मान्य केलं की दोन स्कीमांमधला नकाशाही त्याच भाषेत काढता येतो, आणि इथे या पद्धतीचं दुसरं मोठं काम सुरू होतं: मायग्रेशन, म्हणजे जुन्या स्कीमातला डेटा नव्यात हलवणं.

जुन्या स्कीमाचा प्रत्येक बिंदू नव्या स्कीमाच्या एका बिंदूकडे न्या. जुना प्रत्येक बाण नव्यातल्या एका वाटेकडे न्या; एका बाणाची तीन बाणांची वाट झाली तरी चालेल. जुन्यात जी समीकरणं खरी होती ती नव्यातही खरी राहिली पाहिजेत. मॅपिंगची एक्सेल शीट आपण सगळेच बनवतो, पण तिच्यात ही शेवटची अट कोणी तपासत नाही. मायग्रेशननंतर आठवड्याभराने येणाऱ्या तक्रारी बहुधा तिथूनच निघतात.

एकदा असा नकाशा ठरला की डेटा हलवण्याचे तीन मार्ग आपोआप मिळतात. त्यांना डेल्टा, सिग्मा आणि पाय म्हणतात. समजा एका संस्थेत विद्यार्थ्यांची माहिती दोन जागी आहे: प्रवेश विभागाकडे पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), नाव, जन्मतारीख, लेखा विभागाकडे नाव, जन्मतारीख, फी. नव्या स्कीमात चारही कॉलम असलेलं एकच टेबल हवं आहे. नकाशा दोन्ही जुन्या टेबलांना त्या एका टेबलाकडे नेतो.

डेल्टा नकाशाच्या उलट दिशेने चालतो: नव्या एका टेबलातून जुन्या दोन टेबलांचा डेटा काढून देतो. जुनी ॲप्लिकेशन्स चालू ठेवायला जे व्ह्यू लिहितात ते हेच. सिग्मा आणि पाय नकाशाच्या दिशेने चालतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा. सिग्मा दोन्ही टेबलांच्या ओळी एकाखाली एक रचतो. प्रवेशाच्या ओळीत फीची जागा रिकामी, लेखाच्या ओळीत पीआरएनची. पाय नाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या ओळींच्या जोड्या लावतो, म्हणजे जॉइन करतो. ज्याची जोडी लागत नाही तो गळतो. आणि एकाच दिवशी जन्मलेले दोन ‘प्रसाद पाटील’ असले तर दोघांच्या मिळून चार ओळी होतात.

यातला कुठला बरोबर हे गणित सांगत नाही. पण यापैकी नेमकं काय हवंय ते मीटिंगमध्ये ठरवायला ते भाग पाडतं. प्रत्यक्षात मायग्रेशनची स्क्रिप्ट अर्धी सिग्मा आणि अर्धी पाय असते: काही टेबलांना इनर जॉइन, काहींना युनियन, आणि का ते कुठेच लिहिलेलं नसतं. आकृतीवर प्रत्येक बाणाशेजारी कुठली क्रिया वापरली ते लिहायची सवय लावली तर ओळी कुठे गळल्या आणि कुठे दुप्पट झाल्या हे नंतर शोधावं लागत नाही.

सिग्माने सोडलेल्या रिकाम्या जागेबद्दल दोन शब्द. ती एसक्यूएलच्या नलसारखी (‘किंमत नाही’ एवढंच सांगणाऱ्या खुणेसारखी) नाही. तिला स्वतःची ओळख असते: ‘या विद्यार्थ्याची फी, अजून अज्ञात’. ती स्वतःशी बरोबर असते, दुसऱ्या अज्ञाताशी बरोबर आहे असं गृहीत धरलं जात नाही, आणि नंतर दोन अज्ञात एकच निघाले तर तसं सांगता येतं. एसक्यूएलमध्ये नलची नलशी तुलना केली की उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि ती ओळ गपचूप बाद होते.

नलचाच दुसरा त्रास आकृतीत येतो. बाण म्हणजे प्रत्येक ओळीसाठी नेमकं एक उत्तर, असं वर म्हटलं. मग नल चालणारी फॉरेन की कशी काढायची? बाण म्हणून काढायचीच नाही. प्रकल्प मार्गदर्शक फक्त शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असतो, तर ‘प्रकल्प विद्यार्थी’ हा वेगळा बिंदू काढा. त्याच्यापासून विद्यार्थ्याकडे एक आकडीचा बाण जातो, म्हणजे हा उपसंच आहे, आणि एक साधा बाण मार्गदर्शकाकडे. टेबल प्रत्यक्षात एकच राहिलं तरी हरकत नाही. आकृतीने खरं बोलावं. अनेक-ते-अनेक नातंही असंच: मधलं टेबल आणि त्यातून दोन्हीकडे जाणारे दोन बाण. त्याला स्पॅन म्हणतात, पण ते तुम्ही रोज बनवता.

इथपर्यंतची आकृती स्कीमाची होती. क्वेरीसाठी दुसऱ्या जातीची आकृती आहे, आणि दोघींची गल्लत झाली की नवशिका गोंधळतो. स्ट्रिंग डायग्राममध्ये टेबल ही चौकट असते आणि कॉलम या तिच्यातून निघणाऱ्या तारा. दोन चौकटींच्या तारा जोडल्या की जॉइन. तार एका ठिपक्यावर संपवली की तो कॉलम निकालात नाही, फक्त ‘असं काहीतरी अस्तित्वात आहे’ एवढंच. तार फुटून दोन झाली की तीच किंमत दोन ठिकाणी वापरली. बाहेर लोंबणाऱ्या तारा म्हणजे निकालाचे कॉलम. बॉन्की, सीबर आणि सोबोचिन्स्की यांनी २०१८ मध्ये या आकृत्यांचे नियम पूर्ण बसवून दाखवले: एक क्वेरी दुसरीत सामावते का हे आकृतीवर खोडाखोड करून सिद्ध करता येतं. मुळातला निकाल अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांचा, १९७७ चा.

याचा उपयोग मला ओआरएमने (प्रोग्राममधून आपोआप एसक्यूएल बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेल्या क्वेऱ्या वाचताना होतो. पंधरा जॉइन, त्यात विद्यार्थ्याचं टेबल तीनदा. मजकूर वाचून काही कळत नाही. तारा काढल्या की दिसतं की दोन चौकटी त्याच तारांना लटकल्या आहेत आणि एक काढली तरी अर्थ बदलत नाही. इथे एक सावधगिरी हवी. चंद्रा-मर्लिनचा निकाल संचांसाठी आहे. एसक्यूएल डिस्टिंक्ट न लिहिता दुप्पट ओळी ठेवतं, त्यामुळे ‘अनावश्यक’ जॉइन काढल्यावर बेरजा बदलू शकतात. काऊंट किंवा सम असलेल्या क्वेरीत केवळ आकृती पाहून जॉइन काढू नका. नकार, ‘किंवा’ आणि ग्रुप बायसाठीही या साध्या तारा पुरत नाहीत. त्यांच्यासाठी वाढवलेल्या पद्धती आहेत, पण फळ्यावर त्या सुटसुटीत राहत नाहीत; तिथे मी सरळ एसक्यूएल लिहितो.

मर्यादा अजून एक आहे आणि ती तत्त्वाचीच आहे. दिलेल्या समीकरणांवरून दोन वाटा समान आहेत का, हे ठरवणारा सर्वसाधारण अल्गोरिदम असूच शकत नाही. पोस्ट आणि मार्कोव्ह यांनी १९४७ मध्येच हे सेमीग्रुप या बीजगणिती रचनेसाठी दाखवलं होतं, आणि एक बिंदू व त्याच्यावरच परतणारे अनेक बाण असलेला स्कीमा जवळपास तीच गोष्ट आहे. फिरून त्याच टेबलाकडे परतणाऱ्या वाटा नसतील तर एकूण वाटा मोजक्याच असतात आणि अडचण येत नाही. कर्मचारी-वरिष्ठ अशा स्कीमांत सीक्यूएलसारखं साधन कधी कधी अडकतं. अशा वेळी समीकरणं कमी करा.

गणिताबद्दल. फळ्यावर वापरण्यासाठी बाण जोडणं, कम्यूट होणं आणि फंक्टर एवढं पुरतं. हे शनिवार-रविवारचं काम आहे. पुलबॅक शिकलात की प्रत्येक जॉइन नव्या नजरेने दिसेल, आणि पुशआउट शिकलात की दोन स्कीमा सामायिक भागावर कसे एकत्र करायचे ते. ॲडजॉइंट शिकल्याशिवाय सिग्मा आणि पाय हे डेल्टाच्या डाव्या-उजव्या बाजूला का बसतात ते कळणार नाही, पण वापरायला अडत नाही. योनेडाचं प्रमेय सुंदर आहे. त्याच्या मागे कामाच्या वेळात लागू नका.

साधनांत सीक्यूएल मायग्रेशनचे प्रयोग करायला चांगलं आहे. ज्युलिया भाषा येत असेल तर कॅटलॅब पाहा. एव्हन पॅटरसन, जेम्स फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांचं ते काम आहे, आणि त्यात स्कीमा म्हणजे खरोखर कॅटेगरीच असते. नुसत्या आकृत्या काढायला ब्राउझरमधलं क्विव्हर पुरतं. दोनशे टेबलांची एक आकृती मात्र कुठल्याही सिद्धांताने वाचनीय होत नाही. प्रवेश, परीक्षा, फी असे तुकडे करून सात-आठ बिंदूंच्या वर जाऊ नका.

तुमच्या टीममधले ईआर डायग्राम फेकून द्यायचीही गरज नाही. तेच घ्या आणि समांतर वाटा सापडतील तिथे बरोबरी किंवा काट लिहा. बरोबरी लिहिलीत तर तिच्याशेजारी दोन गोष्टी ठेवा: षष्ठीतलं ते वाक्य, आणि ती बरोबरी मोडणाऱ्या ओळी मोजणारी एक छोटी क्वेरी. ही क्वेरी रात्रीच्या जॉबमध्ये लावा. चालू सिस्टिमवर पहिल्यांदा लावाल तेव्हा बहुतेकदा उत्तर शून्य येत नाही. त्या ओळी घेऊन आधी परीक्षा विभागात जा, डेटा दुरुस्त करायच्या मागे लागू नका. त्यातल्या अर्ध्याअधिक ओळी बरोबर असतात आणि आकृती चुकलेली असते.